कशाला बांधता?

"कशाला बांधता?" कुलूपवालीनं विचारलं.

"कशाला म्हणजे? चोरीला जाऊ नये म्हणून!" लिफ्टमन वरखाली म्हणाला.

"ते कळलं हो काका. सायकल चरायला जाईल म्हणून कुणी बांधत नाही. मी विचारतेय, कशाला बांधता?"

"अहो, सांगितलं की. चोरीला जाऊ न..."

"काका!" कुलूपवालीनं हातातला पाना काउंटरवर आपटला. "का बांधता ते नाही विचारलं. कशाला बांधता? खांबाला, झाडाला, खिडकीच्या गजाला, साहेबाच्या खुर्चीला? कशाला?"

आता यात चूक कुणाची म्हणायची? दोघांचीही नाही. खोट आपल्या भाषेतच आहे. एवढासा शब्द ‘कशाला’, पण त्यात कारणही मावतं आणि खांबही. विचारणारा खांब विचारतो, ऐकणारा कारण ऐकतो, आणि दोघं एकमेकांना बहिरे समजतात.

वरखाली काउंटरवरच्या पान्याकडे बघत राहिला. एरवी बोलण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आठ मजली कचेरीत एकतीस वर्षं लिफ्टमन म्हणून काढलेला माणूस. दिवसातून दोनशे वेळा वर, दोनशे वेळा खाली, म्हणून नाव पडलं वरखाली. खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकातून बाहेर पडायचं नाही. बढतीचं काय झालं, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "माझी रोज दोनशे वेळा होते. तेवढ्याच वेळा उतरवतात, ती गोष्ट वेगळी." चौथ्या मजल्यावरचे वजनदार साहेब आत शिरले की तो लिफ्टच्या छताकडे बघून हात जोडायचा. साहेबही हसायचे. पण आत्ताच्या प्रश्नाला त्याच्याकडे विनोद नव्हता.

"दुसऱ्या सायकलीला," तो म्हणाला.

"कुणाच्या?"

"मित्राच्या."

"आणि मित्र त्याची कशाला बांधतो?"

"माझ्या."

कुलूपवाली जी हसत सुटली ती थांबेना. चाळिशीची बाई, बोटं ग्रीसनं काळी, केसांत पेन्सिल खोचलेली. दुकान तिच्या वडिलांचं होतं आणि जीभ तिची स्वतःची.

"म्हणजे दोन बुडणारे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बसलेत! अहो काका, चोर टेम्पो घेऊन आला तर जोडीनं उचलून नेईल. वर दुवा देईल, एकावर एक फुकट म्हणून."

"एकवीस वर्षांत नाही नेली कुणी."

"चोरांना दया आली असेल. मग आता काय बिनसलं? मित्राशी भांडलात?"

"छे, भांडण कसलं. त्याची सायकल जाणार आहे." वरखालीनं टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "आज संध्याकाळी."

मित्र साडेतीन महिन्यांपूर्वीच गेलाय, हे तो बोलला नाही. दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत माणूस कुलूप घ्यायला येतो. सगळं कशाला सांगत बसायचं?

कुलूपवालीनं एकेक कुलूप काउंटरवर मांडायला सुरुवात केली. आधी वायरचं. "हे दिसायला छान. पक्कड घेतली की सुतासारखं तुटतं. दूध आणायला गेलात, दुकानासमोर दोन मिनिटं सायकल ठेवलीत, तेवढ्यापुरतं." मग आकड्यांचं. "किल्ली लागत नाही, पण आकडा लागतो. तुमच्या वयाची माणसं आकडा विसरतात आणि मला येऊन विचारतात, मी काय ठेवला होता हो?" मग मागच्या चाकावर कायमचं बसतं ते. "चाक फिरत नाही, पण चोराला खांदा असतो. उचलून चालू लागतो." मग जाड साखळी, कापडाच्या नळीत घातलेली. आणि शेवटी पोलादी कडी, उलट्या कमानीसारखी. "हे यू-लॉक. हे तोडायचं तर चोराला घाम फुटेल. पण हिला वाकणं माहीत नाही. खांब जाड निघाला तर ही बसणारच नाही. म्हणून विचारते, कशाला बांधणार?"

"ते अजून बघितलं नाही."

"मग कुलूप काय बघताय? आधी जागा बघायची, मग कुलूप. लोक उलटं करतात. फ्रेम, मागचं चाक आणि न हलणारी वस्तू, तिन्ही एका कुलपात आली पाहिजेत." तिनं गुंडीतून हातभर सुतळी तोडून त्याच्या हातात दिली. "खांबाला गुंडाळा, मापावर गाठ मारा नि घेऊन या. सात वाजेपर्यंत आहे मी."

वरखालीनं सुतळी खिशात घातली. तिच्या डोक्यामागे भिंतीवर एक लांब खिळा होता. त्यावर पाचसात सुट्या किल्ल्या, प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला.

"त्या कसल्या?"

"त्या विकायच्या नाहीत. ठेवलेल्या आहेत."

तो निघाला, दारातून परत फिरला. आवाज जरा खाली आणून म्हणाला, "बाई, एक विचारू? चांगलं चालणारं कुलूप बिघडवायचं कसं?"

कुलूपवालीनं त्याला खालून वर पाहिलं. "लोक मला उलटं विचारतात. आगकाडी घाला नि आत मोडा. पण का हो?"

"सहज," वरखाली म्हणाला आणि रस्ता ओलांडून कचेरीकडे गेला.

सहज नव्हतं. ते सहज नव्हतं म्हणूनच ही गोष्ट आहे.

मित्राला सगळी कचेरी जावक म्हणायची. तिसऱ्या मजल्यावर आवक-जावक विभाग होता. आलेली पत्रं आवकच्या टेबलावर, जाणारी जावकच्या. हा जाणारी सांभाळायचा. अंगठ्याला कायम शाई, शर्टाच्या खिशाला कायम डाग. आपल्याकडे घरातून निघताना माणूस ‘येतो’ म्हणतो. जातो म्हणू नये, असं आपल्याला लहानपणापासून दटावलेलं असतं. पण हा पठ्ठ्या बिनदिक्कत ‘जातो’ म्हणायचा. त्याची बायको दारातून ओरडायची, "अहो, येतो म्हणा!" हा म्हणायचा, "ते आवकच्या माणसाचं काम. माझं खातं वेगळं."

दोघांची ओळख झाली ती भांडणातून. एकवीस वर्षांपूर्वी एका सकाळी जावक उशिरा आला आणि घाईघाईत त्यानं स्वतःच्या सायकलीबरोबर शेजारच्या सायकलीच्या चाकातूनही साखळी घातली. शेजारची सायकल वरखालीची. संध्याकाळी सहाला वरखाली खाली आला, तर सायकल अडकलेली. जावक वर टपालाचे गठ्ठे बांधत बसलेला. सव्वासात वाजता महाराज शीळ घालत उतरले.

"अरे, तुमची पण बांधली का? चुकून झालं."

"असू दे हो, असू दे," वरखाली गोड हसून म्हणाला. ज्यांनी त्याचं ते हसू पाहिलं होतं ते म्हणतात, तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वरखालीनं स्वतःच्या साखळीनं दोन्ही सायकली बांधल्या, किल्ली खिशात टाकली, आणि संध्याकाळी लिफ्ट आठव्या मजल्यावर नेऊन ‘बंद आहे’ची पाटी लावून आत स्टुलावर बसला. जावक आठ मजले चढून आला. जाळीच्या दारातून नुसता बघत राहिला. मग धापा टाकत म्हणाला, "चुकून झालं का?"

"छे. मुद्दाम."

तिसऱ्या दिवशी दोघांनीही बांधल्या. दोन साखळ्या, दोन कुलपं, आणि खाली रखवालदार पोट धरून हसतोय. चौथ्या दिवशी तह झाला. जावकनं तो रीतसर कागदावर उतरवला. कलम एक, दोन सायकलींना मिळून एकच कुलूप राहील. कलम दोन, किल्ल्या दोन, ‘अ’ जावकची नि ‘ब’ लिफ्टची. कलम तीन, आधी कुणी जायचं नाही. गेल्यास मागच्याची सायकल उघडी टाकून जायचं नाही. खाली दोघांच्या सह्या, आणि त्यावर जावकनं आपला गोल शिक्काही हाणला.

तेव्हापासून एकवीस वर्षं दोघं संध्याकाळी बरोबर निघायचे. कुलूप एक, मग आधी जाणार कसं? तळ्याच्या वळणापर्यंत बरोबर, मग जावक डावीकडे, आपल्या घरी, बायकोकडे. वरखाली उजवीकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीकडे. त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. जावक म्हणायचा, "दिवसभर लोकांना वर नेतोस, तुला कोण नेणार?" लग्न राहून गेलेलं. का राहिलं, याला मोठं कारण नाही. वर जाऊ, वर जाऊ म्हणता म्हणता खाली यायची वेळ झाली, एवढंच. लांबच्या गावी एक बहीण होती, रविवारी तिचा फोन यायचा. बाकी सहा दिवस त्याच्या घरात दोनच आवाज, घड्याळाचा आणि नळाचा.

साडेतीन महिन्यांपूर्वी एका दुपारी जावक शिक्का मारता मारता टेबलावर वाकला तो उठेचना. चौघांनी खुर्चीसकट उचलून लिफ्टमध्ये आणलं. वरखालीनं दार ओढलं, दांडा खाली केला. तीन मजले. जावकनं डोळे उघडले, याच्याकडे बघितलं नि म्हणाला, "सायकलीचं बघ." मग दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मध्ये, नेहमीसारखाच, "जातो."

दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. कचेरीत लोक कुजबुजले, जावक वर गेला. वरखाली त्या दिवशीही बोललाच, "एकवीस वर्षं वर मी नेलं त्याला. शेवटी मला न विचारता गेला." कुणी हसलं नाही. तोही हसला नाही.

सायकल मात्र राहिली, स्टँडवरच, वरखालीच्या सायकलीला बांधलेली.

तेराचौदा दिवसांनी वहिनींनी, म्हणजे जावकच्या बायकोनं, निरोप पाठवला. सायकल न्यायला येऊ का? वरखालीनं उलटा निरोप धाडला, कुलूप गंजलंय, किल्ली फिरत नाही, तेल घालतो, मग कळवतो. साफ खोटं. कुलूप लोण्यासारखं उघडत होतं, कारण दर शनिवारी तो त्यात शिलाई मशीनचं तेल सोडत होता. महिन्याभरानं पुन्हा निरोप आला. याचं उत्तर तेच, अजून गंज निघत नाही. तिसऱ्यांदाही तेच. रोज सकाळी तो ‘ब’ किल्लीनं कुलूप उघडायचा, आपली सायकल जावकच्या सायकलीशेजारी लावायचा, दोन्ही चाकांतून साखळी ओवायचा. संध्याकाळी आपली काढायचा आणि साखळी जावकच्या सायकलीला गुंडाळून जायचा. कलम तीन. मागच्याची उघडी टाकायची नाही.

पण आज सकाळी रखवालदारानं निरोप दिला होता. "वहिनींचा फोन होता. साडेपाचला येतायत. म्हणाल्या, त्यांच्याकडची किल्ली लावून बघतात. नाही लागली तर भावानं कटर दिलाय, साखळी तोडूनच नेतील."

चारच्या चहाला वरखालीनं चहा घेतला नाही. लिफ्ट तळमजल्याला लावून तो मागे सायकल स्टँडवर गेला. वर पत्रा, खाली लोखंडी खांबांची रांग. कोपऱ्यात दोन सायकली, एकीचं हँडल दुसरीच्या कॅरिअरवर टेकलेलं.

त्यानं खिशातून काड्यापेटी काढली. एक काडी घेतली. हिशोब सोपा होता. काडी आत मोडली की कुलूप खरंच बिघडेल, आणि साडेतीन महिन्यांचं खोटं एका क्षणात खरं होईल. वहिनी किल्ली लावतील, लागणार नाही, कटरनं साखळी तोडतील. सायकल तर जाईलच, पण निदान तोंड काळं होणार नाही. एवढ्याचसाठी चाललं होतं सगळं. सायकल वाचवायची आशा त्यानं सकाळीच सोडली होती. वाचवायची होती ती फक्त वहिनींच्या डोळ्यांतली आपली जागा.

काडी भोकाशी नेली. तेलाचा एक थेंब बाहेर आला आणि काडीचं गुल ओलं करून गेला. कुलपावर जावकनं कधीतरी शिक्क्याच्या शाईनं ‘अ/ब’ लिहिलं होतं. पुसट झालं होतं, पण दिसत होतं.

"साल्या," वरखाली कुलपाला म्हणाला, किंवा कुणाला म्हणाला कोण जाणे, "तेल मीच घातलं तुला."

काडी त्यानं परत पेटीत ठेवली. मग सुतळी काढली, जवळच्या खांबाला गुंडाळली, मापावर गाठ मारली. पाच मिनिटांचं काम. चहाची सुट्टी संपली, तो परत लिफ्टमध्ये गेला. त्या दुपारी सातव्या मजल्यावर नव्या साहेबांनी कुणालातरी विचारलेलं त्यानं ऐकलं, "दांडा ओढायला माणूस कशाला?" त्यानं ऐकलं न ऐकलं केलं. एकदा लिफ्ट पाचव्याऐवजी सहाव्यावर गेली. बाकी कुणाला कळलं नाही.

साडेपाचला वहिनी आल्या. एकट्याच. भाऊ नाही, हातात कापडी पिशवी, पिशवीतून कटरचे लाल दांडे डोकावणारे. केस पूर्वीपेक्षा पांढरे, पायात जाड तळाचे बूट.

"भावोजी, कसे आहात?"

"आहे. वरखाली चाललंय."

त्या थोडं हसल्या. दोघं स्टँडवर आले. वहिनींनी सायकलीच्या सीटवर हात ठेवला, उगाच धूळ झटकली. धूळ नव्हतीच. मग वाकून पुढचं टायर अंगठ्यानं दाबलं. मग मागचं.

"साडेतीन महिन्यांत हवा चांगली टिकली हो," त्या म्हणाल्या.

वरखाली खांबाकडे बघत होता. सोमवारी पंप आणून दोन्ही सायकलींत हवा भरायची, ही सवयच पडली होती. पकडले जाऊ, हे कसं डोक्यात आलं नाही?

वहिनींनी पिशवीतून किल्ली काढली. ‘अ’. कुलपात घातली. फिरवायलाही लागली नाही नीट, कुलूप टक्कन उघडलं, साखळी सळकन खाली. त्यांच्या बोटांना तेल लागलं. त्यांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली, नाकाशी नेली. गेली तीस वर्षं शिलाई मशीन चालवणारी बाई. त्या तेलाचा वास तिला कुणी सांगायला नको.

"गंज गेला वाटतं," त्या म्हणाल्या.

"आज गेला," वरखाली म्हणाला. त्यानं वाकून साखळीचं टोक उचललं.

 पलीकडे रखवालदार पाईपनं फरशी धूत होता.

"कुणाला देणार सायकल?" शेवटी त्यानं विचारलं. "भाच्याला?"

"भाच्याला कशाला? मी चालवणार आहे."

"तुम्ही?"

"मला येते. लग्नाआधी चालवायची मी. शिवणाच्या कारखान्यात लागलेय ना, तीन महिने झाले. जायला चाळीस मिनिटं, यायला चाळीस." त्यांनी पायातल्या जाड तळाच्या बुटाकडे पाहिलं. वरखालीनंही पाहिलं. तळ बाहेरच्या बाजूनं झिजला होता. त्यानं मान खाली घातली ती तिथेच राहिली.

"वहिनी, मी..."

"रागावले नाहीये मी," वहिनी म्हणाल्या. "चालले मात्र खूप."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यावर काहीतरी बोलता आलं असतं. वरखालीनं टोपी काढून हातात धरली आणि साडेतीन महिने कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगून टाकली.

"लिफ्टमध्ये तो म्हणाला होता. सायकलीचं बघ, म्हणाला. एवढंच."

वहिनींनी हँडल धरलं होतं ते तसंच राहिलं. "आणखी काही?"

"जातो म्हणाला."

"म्हणाले ना!" त्यांच्या तोंडून एकदम निघालं, रागानं, अगदी दारातून ओरडायच्या तसं. "तीस वर्षं सांगितलं, येतो म्हणा, येतो म्हणा." मग त्या थांबल्या. पदरानं डोळे न टिपता नुसतं नाक पुसलं. "तुम्ही बघितलंत की सायकलीचं. हवा भरलीत, तेल घातलंत. आता मी बघते."

त्यांनी साखळी गुंडाळून कॅरिअरला लावली, कुलूप अडकवलं. कारखान्याबाहेर सायकल लावायची म्हणजे कुलूप हवंच. आणि मग तळहात पुढे केला.

"तुमच्याकडची पण द्या."

वरखालीनं खिशातून ‘ब’ काढली. एकवीस वर्षं घराच्या किल्लीबरोबर एकाच कडीत होती. कडीतून निघेना, नख दुखलं. शेवटी निघाली. वहिनींनी दोन्ही किल्ल्या रुमालाच्या गाठीत बांधल्या.

"वळणापर्यंत येतो," तो म्हणाला.

"मी तिकडून नाही जात आता. कारखान्याकडून जाते, सायकलीनं किती वेळ लागतो ते बघायचंय." त्या सायकलीवर बसल्या. पहिली दोनतीन पायडलं डगमगत, रखवालदाराच्या पाण्यातून, मग सरळ. फाटकाशी घंटी वाजवली. जावकची घंटी अर्धीच वाजायची, ‘ट्रिं’ व्हायची आणि पुढचं गिळायची. ती तशीच वाजली. वहिनी गेल्या.

वरखालीची सायकल खांबाला नुसती टेकून उभी होती. एकवीस वर्षांत पहिल्यांदा ती कशालाच बांधलेली नव्हती.

पावणेसातला तो कुलूपवालीच्या दुकानात होता. ती फळी लावायच्या तयारीत.

"आलात? मला वाटलं आता येत नाही. बोला, कशाला बांधणार?"

या वेळी त्याला प्रश्न बरोबर ऐकू आला.

"खांबाला," तो म्हणाला आणि सुतळी पुढे केली.

तिनं गाठीपर्यंतचं माप हाताच्या बोटांवर मोजलं, पोलादी कडी काढली, आत सुतळीचा वेढा धरून पाहिला. "बसेल. मित्राची सायकल गेली?"

"गेली."

"आणि मित्र?"

"तो आधीच गेला."

कुलूपवालीनं मान हलवली.  बाहेर दुकानासमोर वाहतुकीच्या पाटीचा खांब होता, तिथे त्याला उभं केलं. "बांधून दाखवा. नाहीतर सायकल राहील आणि चाक जाईल." त्यानं सायकल लावली. फ्रेम, मागचं चाक, खांब, तिन्ही कडीत. आडवा दांडा बसवला, किल्ली फिरवली. तिनं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं.

"आता कुणाच्या बापाला हलणार नाही. पण काका, इतकी कडेला का लावलीत? अर्धा खांब मोकळा सोडलाय."

वरखालीनं बघितलं. खरंच. डाव्या बाजूला बरोब्बर एका सायकलीएवढी जागा.

"सवय," तो म्हणाला.

आत येऊन तिनं खोक्यातून दुसरी किल्ली काढली. "एका कुलपाला दोन येतात. एक वापरायची. दुसरी कुणाकडे तरी ठेवायची, घरी कुणी असेल त्यांच्याकडे. स्वतःजवळ दोन्ही ठेवू नका, हरवतात तेव्हा जोडीनं हरवतात."

वरखालीनं किल्ली हातात घेतली. नवी, चकचकीत, कडा अजून बोटाला लागणाऱ्या. बहिणीला पाठवावी? सायकल इथे, किल्ली रेल्वेनं एक रात्र लांब. रखवालदाराला? तो पुढच्या महिन्यात बदलून जाणार. वहिनींना? त्यांच्या पुढे केलेल्या तळहाताची त्याला आठवण झाली. ‘द्या’ म्हणणाऱ्या हाताला ‘ठेवा’ कसं म्हणायचं? तो किल्लीकडे बघत उभा राहिला. फार नाही, लिफ्टला दोन मजले चढायला लागतात तेवढाच वेळ. पण दुकान चालवणाऱ्या बाईला तेवढा पुरतो.

तिनं हात फडक्याला पुसले. केसांतली पेन्सिल काढली, पुठ्ठ्याचा तुकडा फाडला.

"इथे ठेवायचीय?"

त्यानं वर भिंतीकडे पाहिलं. खिळा. त्यावरच्या सात किल्ल्या.

"म्हणजे या सगळ्या..."

"ही रात्रपाळीच्या नर्सची. ही ग्रंथालयातल्या एका सरांची. ही कुणाची, अक्षर गेलंय, पण माणूस येतं." ती सुतळीचा तुकडा तोडत होती. "मी कुणाला विचारत नाही. लोक आपणहून देतात. अट एकच. महिन्यातून एकदा तोंड दाखवून जायचं. नाहीतर मला कसं कळणार किल्ली अजून कुणाची आहे की नाही?"

"बरं."

"नाव काय लिहू?"

खरं नाव त्याच्या जिभेवर आलं. पगारपत्रकातलं. बऱ्याच वर्षांत कुणी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं, त्याला स्वतःलाच ते परक्याचं वाटलं.

"वरखाली लिहा."

तिनं पेन्सिल थांबवून त्याच्याकडे पाहिलं. थट्टा करतोय का, बघत असावी. मग लिहिलं. मोठ्या, गोल अक्षरात. टाचा उंचावून किल्ली खिळ्यावर अडकवली. आठवी किल्ली बाकीच्यांवर आदळून जरा वेळ हलत राहिली आणि मग स्थिर झाली.

वरखालीनं टोपी सारखी केली, लिफ्टचं दार ओढण्याआधी करायचा तशी. पायरी उतरला. फळी लावायला त्यानं एक टोक धरलं, तिनं दुसरं.

"येतो," तो म्हणाला.

"या," कुलूपवाली म्हणाली. "महिन्याच्या आत."